ग्वामाचो : पानांनी डवरलेला निवडुंग

निवडुंग म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. उजाड माळरान, त्यावर जाडजूड हिरवे खोड, खोडावर काट्यांचे झुबके आणि पानांचा मात्र कोठेही पत्ता नाही. हे चित्र चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात, कोलंबिया आणि व्हेनेझुएला या देशांतील कोरड्या झुडपी रानांत एक वृक्ष वाढतो. त्याचे खोड लाकडी असून त्यावर करड्या रंगाची साल असते. त्याला चहूबाजूंनी फांद्या फुटतात आणि पावसाळ्यात त्या हिरव्यागार पानांनी भरून जातात. पूर्ण वाढलेले झाड आठ ते दहा मीटर उंचीपर्यंत पोहोचू शकते. दुरून पाहणाऱ्याला ते बोरी-बाभळीसारखे एखादे साधे काटेरी झाड वाटावे. प्रत्यक्षात मात्र तो निवडुंग आहे. तेथील लोक त्याला ‘ग्वामाचो’ म्हणतात.

पाने असलेला निवडुंग ही केवळ गमतीची गोष्ट असती, तर तिची नोंद घेऊन पुढे जाता आले असते. पण या झाडाने वनस्पतिशास्त्रज्ञांना एका मोठ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास साहाय्य केले आहे. निवडुंगाचा मांसल, पाणी साठवणारा देह आधी घडला की पाणी जपून वापरण्याची त्याची रीत आधी आली? दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, आधी कोठार की आधी काटकसर? बचतीच्या व्यवहाराशी रोजचा संबंध असलेल्या वाचकांना हा प्रश्न परका वाटणार नाही.

निवडुंग कोणाला म्हणावे?

मराठीत ‘निवडुंग’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. शेताच्या बांधावरचा शेर, डोंगरउतारावरचा त्रिधारी निवडुंग आणि पडीक जमिनीवर पसरलेला फड्या निवडुंग या सर्वांना आपण एकाच गटात बसवतो. शास्त्रीय दृष्टीने मात्र यांपैकी पहिले दोन निवडुंगाच्या कुलातील नव्हेत. ते एरंडाच्या कुलातील आहेत. त्यांची फांदी मोडली की पांढरा चीक येतो, हीच त्यांची ठळक ओळख. आफ्रिका आणि आशियातील कोरड्या प्रदेशांत या वनस्पतींनीही पाणी साठवणारे हिरवे खोड कमावले, म्हणून त्या निवडुंगासारख्या दिसतात इतकेच. फड्या निवडुंग हा मात्र खरा निवडुंग आहे. पण तो मूळचा भारतीय नाही. तो अमेरिका खंडातून माणसाने आणलेला आहे. खऱ्या निवडुंगांच्या सुमारे दीड हजार जातींची जन्मभूमी अमेरिका खंडच आहे. झाडांवर वाढणारी एकच जात आफ्रिका, मादागास्कर आणि श्रीलंका येथे निसर्गतः आढळते.

मग खरा निवडुंग ओळखायचा कसा? मांसल खोड ही खूण पुरेशी नाही, कारण ते इतर कुलांतही असते. पाने नसणे हीही पुरेशी नाही. निवडुंगाची खरी खूण म्हणजे त्याच्या फांदीवर असणारी लवदार, बारीक उशीसारखी गादी. पानाच्या बगलेत जेथे इतर झाडांना साधा डोळा असतो, तेथे निवडुंगाला ही गादी असते. तिच्यातून काटे येतात, नवे फुटवे येतात आणि बहुतेक निवडुंगांत फुलेही तिच्यातूनच येतात. गुलाबाचा काटा सालीवरचा उंचवटा असतो आणि तो बोटाने बाजूस सारता येतो. निवडुंगाचा काटा हा रूप पालटलेल्या पानाचा प्रकार असून तो या गादीतूनच उगवतो.

ग्वामाचोच्या फांदीवर नेमक्या याच गाद्या आहेत. त्यांतून काट्यांचे झुबके निघतात आणि पानांचे गुच्छही निघतात. म्हणजे एकाच ठिकाणी काटाही आहे आणि पानही. बाकीच्या निवडुंगांनी पान जवळजवळ सोडून दिले आणि काटा ठेवला. ग्वामाचोने दोन्ही राखले. म्हणूनच तो दिसायला झाड असूनही कुलाने निवडुंग ठरतो.

ऋतूंबरोबर बदलणारे रूप

कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर साधारणतः डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ असतो. वारे वाहतात, ऊन तापते, जमिनीतील ओल संपत जाते आणि रानातील बहुसंख्य झाडे पाने गाळतात. ग्वामाचोही पाने गाळतो. या काळात त्याच्याकडे पाहिले तर काट्यांनी भरलेल्या उघड्या फांद्यांखेरीज काही दिसत नाही.

कोरडा काळ संपत आला की याच निष्पर्ण फांद्यांवर फुले येतात. ती पिवळ्या ते नारिंगी रंगाची, चमकदार आणि पुष्कळ असतात. झाडावर एकही पान नसताना सारे झाड पिवळेधमक होते. फाल्गुनात पानांवाचून फुललेला पळस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या दृश्याची कल्पना सहज येईल. रंग वेगळा, कुल वेगळे, खंड वेगळा. पण ऋतूची रीत मात्र सारखी. पाने नसताना फुललेले फूल दुरून दिसते आणि कीटकांना सहज सापडते.

पहिला पाऊस पडला की झाड पुन्हा पानांनी भरते. पाने लंबगोल, काहीशी जाड व गुळगुळीत असतात. फुलांच्या जागी पिवळट-नारिंगी, गोल, लहान फळे धरतात. ती खाण्याजोगी असून ग्रामीण भागांतील मुले व मोठी माणसे ती आवडीने खातात. पुढे पाऊस थांबतो, ओल ओसरते आणि पुन्हा पानगळ सुरू होते.

एका झाडाच्या नावातील तीन माणसे

ग्वामाचोचे आजचे शास्त्रीय नाव लुएनबर्गेरिया ग्वामाचो असे आहे. वृक्षरूप निवडुंगांवरील जुन्या पुस्तकांत मात्र त्याचा उल्लेख पेरेस्किया ग्वामाचो असा सापडतो. या दोन नावांमागे सुमारे तीनशे वर्षांचा इतिहास आहे.

फ्रान्समधील धर्मोपदेशक व वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल प्ल्युमिए याने कॅरिबियन बेटांचा प्रवास करून तेथील अनेक वनस्पतींची वर्णने केली. १७०३ मध्ये त्याने पाने असलेल्या एका निवडुंगाला फ्रेंच विद्वान निकोला-क्लोद फाब्री द पेरेस्क याच्या स्मरणार्थ नाव दिले. पेरेस्क (१५८०–१६३७) हा खगोलशास्त्र, प्राणी, वनस्पती, नाणी आणि जुनी हस्तलिखिते अशा अनेक विषयांत रस असलेला, विद्वानांना आश्रय देणारा गृहस्थ होता. त्याच्या आडनावावरून ‘पेरेस्किया’ हे प्रजातीचे नाव रूढ झाले.

ग्वामाचोची शास्त्रीय नोंद त्यानंतर बऱ्याच काळाने, १८९८ मध्ये झाली. ती करणारा फ्रेडरिक वेबर हा फ्रेंच सैन्यातील डॉक्टर होता आणि निवडुंगांचा अभ्यासक म्हणून त्याची ख्याती होती. त्याने जातीचे नाव मात्र स्थानिक लोकांच्या बोलीतील ‘ग्वामाचो’ हेच कायम ठेवले. आज जगभरातील अभ्यासकांच्या तोंडी तेच नाव आहे.

तिसरे नाव बेआट लुएनबर्गर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाचे. बर्लिनच्या वनस्पती उद्यानात काम करणाऱ्या लुएनबर्गर यांनी पेरेस्किया प्रजातीचा समग्र अभ्यास करून १९८६ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यानंतरच्या काळात वनस्पतींमधील आनुवंशिक द्रव्याची तुलना करणे शक्य झाले. २००५ मध्ये एरिका एडवर्ड्स, रेटो निफेलर आणि मायकेल डोनोह्यू यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून असे दिसले की, पेरेस्किया म्हणून एकत्र ठेवलेल्या जाती प्रत्यक्षात दोन वेगळ्या शाखांतील आहेत. एक शाखा प्रामुख्याने कॅरिबियन समुद्राभोवतीच्या प्रदेशातील, तर दुसरी प्रामुख्याने दक्षिण अमेरिकेच्या दक्षिणेकडील भागांतील. दुसरी शाखा उर्वरित सर्व निवडुंगांना अधिक जवळची ठरली. त्यामुळे २०१३ मध्ये जोएल लोदे यांनी पहिल्या शाखेतील आठ जातींसाठी स्वतंत्र प्रजाती मांडली आणि २०१० मध्ये निधन पावलेल्या लुएनबर्गर यांचे नाव तिला दिले. ग्वामाचो या आठांपैकी एक होय.

खोडावरील सालीचे महत्त्व

या दोन शाखांतील भेद केवळ प्रयोगशाळेतच कळतो असे नाही. तो खोडावरही दिसतो. पानांच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून हवेतील कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्याच वाटेने पाण्याची वाफ बाहेर जाते. नेहमीच्या निवडुंगात पाने नसल्यामुळे हे काम हिरवे खोड करते. त्यासाठी खोडावर अशी छिद्रे असावी लागतात आणि खोडावर साल उशिरा धरावी लागते, कारण साल धरली की छिद्रे झाकली जातात.

ग्वामाचो आणि त्याच्या शाखेतील इतर जातींच्या खोडावर अशी छिद्रे नसतात आणि साल लवकर धरते. म्हणजे या झाडाचे सर्व उत्पन्न पानांवर अवलंबून आहे. दक्षिणेकडील शाखेतील पेरेस्कियांच्या खोडावर मात्र छिद्रे आढळतात आणि साल उशिरा येते. त्याही झाडांना पानेच अन्न पुरवतात. परंतु पुढे जी जबाबदारी खोडाने उचलली, तिची तयारी येथे झालेली दिसते. निवडुंगाचे हिरवे खोड एका दिवसात अवतरले नाही. त्याचे एकेक अंग निरनिराळ्या काळी जमत गेले, हे या तुलनेतून समजते.

पाण्याचा जमाखर्च

झाडाचा पाण्याचा हिशोब समजून घेतल्याखेरीज ग्वामाचोचे वैशिष्ट्य ध्यानात येणार नाही. कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर छिद्रे उघडावी लागतात आणि छिद्रे उघडली की पाणी उडून जाते. हा व्यवहार झाडाला टाळता येत नाही. सर्वसाधारण झाडाला एक ग्रॅम कोरडा वनस्पतिभार तयार करण्यासाठी कित्येकशे ग्रॅम पाणी खर्चावे लागते. जेथे पाणी मुबलक आहे तेथे हा खर्च परवडतो. जेथे वर्षातील चार-पाच महिने पाऊसच नाही, तेथे तो जपूनच करावा लागतो.

नेहमीच्या निवडुंगाने यावर योजलेले उपाय सर्वज्ञात आहेत. पहिला उपाय साठ्याचा. मेक्सिको आणि अमेरिकेच्या सीमेवरील सोनोरा वाळवंटातील सग्वारो या प्रचंड निवडुंगाचे वजन काही टनांपर्यंत जाते आणि त्यातील बहुतांश भाग पाण्याचाच असतो. दुसरा उपाय वेळेचा. निवडुंग दिवसा छिद्रे मिटून ठेवतो आणि रात्री, हवा गार असताना ती उघडतो. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपाने साठवून ठेवला जातो आणि दिवसा सूर्यप्रकाशात, छिद्रे बंद ठेवून, त्याचे अन्न बनवले जाते. तिसरा उपाय मुळांचा. त्याची मुळे फार खोल न जाता जमिनीच्या वरच्या थरात दूरवर पसरतात आणि थोडासा पाऊस झाला तरी ते पाणी झपाट्याने शोषून घेतात.

ग्वामाचोकडे यांपैकी पहिला उपाय नाही. त्याचे खोड लाकडी आहे. त्यात सग्वारोसारखे कोठार नाही. तेव्हा तो इतर पानझडी झाडांप्रमाणेच पाणी खर्चत असेल, असा समज होणे साहजिक आहे. एरिका एडवर्ड्स यांनी सहकाऱ्यांसह व्हेनेझुएलातील रानांत जाऊन ग्वामाचोची प्रत्यक्ष मोजमापे घेतली आणि पेरेस्कियाच्या इतर जातींचाही अभ्यास केला. हे संशोधन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून वेगळेच चित्र समोर आले.

ग्वामाचोची मुळे जमिनीत उथळ पसरलेली असतात. पाऊस पडताच ती ओल टिपतात आणि झाड लवकर सावरते. पानांवरील छिद्रे फार सावधपणे उघडतात. हवा कोरडी झाली किंवा ओल कमी पडू लागली की ती मिटतात. कोरड्या रानातील पुष्कळ झाडे आपल्या पेशींतील पाणी बऱ्याच खालच्या पातळीपर्यंत उतरू देतात आणि तसाच तग धरतात. ग्वामाचो तसे होऊ देत नाही. मोठा साठा नसतानाही तो आपल्या अंगातील पाण्याची पातळी सहसा ढळू देत नाही. पाने असलेल्या या निवडुंगांत रात्री आम्ल साठवण्याची प्रक्रियाही अल्प प्रमाणात आढळली आहे. पाने बहुतांशी नेहमीच्या पद्धतीने, दिवसाच अन्न तयार करतात; पण टंचाईच्या काळात ही दुसरी पद्धत थोडाफार हातभार लावते.

थोडक्यात, ग्वामाचोचे बाह्यरूप साध्या झाडाचे असले, तरी त्याचा पाण्याचा जमाखर्च निवडुंगाचा आहे.

आधी काटकसर, मग कोठार

या निष्कर्षाचे महत्त्व मोठे आहे. पूर्वीची सर्वसाधारण समजूत अशी होती की, वाळवंटात राहू लागल्यावर निवडुंगाचा देह बदलला आणि त्या देहाबरोबर त्याची पाणी वापरण्याची रीतही बदलली. ग्वामाचो आणि त्याचे भाऊबंद यांच्या अभ्यासातून क्रम उलटा असल्याचे दिसते. दोन्ही पर्णधारी शाखांत जर पाण्याची काटकसर समान असेल, तर ती दोहोंच्या समाईक पूर्वजाकडूनच आलेली असण्याची शक्यता अधिक. म्हणजे मांसल खोड, पानांचा त्याग आणि खोडावरचे प्रकाशसंश्लेषण या गोष्टी घडण्यापूर्वीच काटकसरीची रीत रुजलेली होती. मांसल खोड तिच्या पायावर नंतर उभे राहिले.

निवडुंगाच्या कुलाचा उगम सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वी झाला असावा, असा अंदाज २०११ मधील एका संशोधनात मांडला गेला आहे. त्याच संशोधनानुसार निवडुंगांच्या आजच्या विपुल जातींपैकी बहुतेकांचा विस्तार मात्र फार अलीकडे, साधारणतः गेल्या एक कोटी वर्षांत झाला. कोरड्या प्रदेशांची व्याप्ती वाढली, तेव्हा ज्यांच्या अंगी आधीपासून काटकसर होती त्यांना नव्या परिस्थितीचा लाभ घेता आला.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ग्वामाचो हा इतर निवडुंगांचा पूर्वज नव्हे. तो आजचाच वृक्ष आहे आणि इतर निवडुंगांइतकाच काळ त्याच्या शाखेनेही पार केला आहे. त्याने काही जुन्या खुणा राखल्या, म्हणून त्यांच्यावरून पूर्वजांविषयी अनुमान करता येते. घरातील एखाद्या चुलत घराण्याने जुनी कागदपत्रे जपून ठेवावीत आणि त्यांच्यावरून सर्वांना आपल्या पणजोबांची माहिती मिळावी, तसाच हा प्रकार आहे. तसेच, वनस्पती विचारपूर्वक काटकसर करत नाहीत. ज्यांचा हिशोब परिस्थितीशी जुळला त्या टिकल्या, ज्यांचा जुळला नाही त्या गेल्या.

तरीही या क्रमात माणसाने विचारात घ्यावे असे काहीतरी आहे. ‘उत्पन्न वाढले की बचत सुरू करू’ हे वाक्य बँकेच्या शाखेत ग्राहकाशी बोलताना अनेकदा ऐकू येते. साठा करण्याजोगी स्थिती आधी यावी, मग जपून खर्च करण्याची सवय लावून घेता येईल, असा त्यामागील विचार असतो. व्यवहारात मात्र सवय नसलेल्याचे उत्पन्न वाढले तर खर्चही त्याच गतीने वाढतो. उलट, अल्प उत्पन्नात हिशोबाने वागणाऱ्याच्या हाती पुढे अधिक रक्कम आली, तर ती कोठे ठेवायची हे त्याला ठाऊक असते. आवर्ती ठेवीच्या लहानशा हप्त्याचे खरे मोल मुदतीअखेर मिळणाऱ्या रकमेत जेवढे असते, तेवढेच दरमहा लागणाऱ्या शिस्तीत असते.

माणसाच्या उपयोगी पडणारे कुटुंब

ग्वामाचोचा माणसाशी असलेला संबंध जुना आणि साधा आहे. काट्यांनी भरलेले झाड गुरांना अडवते, म्हणून कोलंबिया आणि व्हेनेझुएलातील शेतकरी त्याचे कुंपण लावतात. ओळीने लावलेल्या झाडांचे कुंपण काही वर्षांत दाट होते. लोखंडी तारेप्रमाणे ते गंजत नाही, लाकडी खांबाप्रमाणे कुजत नाही आणि हंगामात फळेही देते.

त्याचे काही नातेवाईक अधिक दूरवर पोहोचले आहेत. पेरेस्किया अक्युलिआटा ही वेलीसारखी चढणारी जात ब्राझीलमधील मिनास जेराइस राज्यात ‘ओरा-प्रो-नोबिस’ या नावाने ओळखली जाते आणि तिच्या पानांची भाजी तेथे आवडीने खाल्ली जाते. हीच जात दक्षिण आफ्रिकेत मात्र जंगलातील झाडांवर पसरून त्यांना झाकून टाकणारे उपद्रवी तण ठरली आहे. भारतातही काही उद्यानांत व घरांच्या आवारांत पाने असलेल्या निवडुंगांच्या जाती शोभेसाठी लावलेल्या आढळतात. त्यांची गुलाबी किंवा नारिंगी फुले पाहून त्यांना पुष्कळदा गुलाबाचा प्रकार समजले जाते. फांदीवरील लवदार गादी आणि तिच्यातून निघालेले काट्यांचे झुबके पाहिले की हा भ्रम दूर होतो.

पडीक नव्हे, कोरडे रान

ग्वामाचोचा प्रसार विस्तृत असल्यामुळे तो आज नामशेष होण्याच्या मार्गावर नाही. परंतु तो ज्या रानात वाढतो, त्या रानाची स्थिती चिंताजनक आहे. उष्ण कटिबंधातील सदाहरित वर्षावनांविषयी जगभर आस्था आहे. कोरड्या, पानझडी, काटेरी रानाकडे मात्र सहसा पडीक जमीन म्हणून पाहिले जाते. वर्षातील काही महिने ते वाळलेले दिसते, म्हणून ते निरुपयोगी समजले जाते. तेथील माती अनेकदा कसदार असते आणि हवामान वस्तीस सोयीचे असते. त्यामुळे शेती, गुरांची कुरणे आणि गावे यांसाठी हीच राने प्रथम तोडली गेली. कोलंबियातील हुंबोल्ट संस्थेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार त्या देशात पूर्वी ९० लाख हेक्टरांहून अधिक कोरडे वन होते. त्यापैकी सुमारे ८ टक्केच शिल्लक राहिले होते.

कुंपणातील ग्वामाचो टिकला म्हणजे रान टिकले, असे म्हणता येत नाही. एकाच झाडाच्या फांद्या तोडून लावलेली झाडे आनुवंशिक दृष्ट्या एकसारखी असतात. रोग किंवा हवामानातील बदल यांना तोंड देण्यासाठी लागणारी विविधता बियांपासून वाढलेल्या रानातील झाडांतच असते. एकाच ठिकाणी सर्व रक्कम गुंतवण्यात जो धोका असतो, तसाच धोका येथेही आहे.

हा धोका किती खरा आहे, हे ग्वामाचोच्या एका सख्ख्या नातेवाइकाच्या कहाणीवरून दिसते. कॅरिबियन समुद्रातील डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या आग्नेय किनाऱ्यावर बायाईबे नावाचे गाव आहे. त्याच्या आसपासच्या कोरड्या, चुनखडीच्या भूमीवर लुएनबर्गेरिया किस्केयाना हा पाने असलेला निवडुंग वाढतो. त्याला ‘बायाईबेचा गुलाब’ म्हणतात. त्याची शास्त्रीय नोंद १९८० मध्ये आलँ लिओजिए यांनी केली. त्याची नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. त्यामुळे दोन्ही प्रकारची झाडे परस्परांच्या जवळ नसतील तर बी धरत नाही. ज्या किनाऱ्यावर त्याचे नैसर्गिक वास्तव्य आहे, तोच किनारा पर्यटकांच्या आवडीचा ठरला आणि तेथे निवासस्थाने उभी राहिली. आज ही जात अत्यंत संकटग्रस्त गणली जाते. २०११ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकाने कायदा करून या फुलाला राष्ट्रीय पुष्पाचा मान दिला. तोपर्यंत तो मान महोगनीच्या फुलाकडे होता. महोगनीला राष्ट्रीय वृक्ष म्हणून स्थान देण्यात आले.

ही एकट्याची कहाणी नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत निवडुंगांच्या १,४७८ जातींचा विचार करण्यात आला. त्यांपैकी ३१ टक्के जाती धोक्यात असल्याचे आढळले. टंचाईत जगण्याची कला ज्यांनी कोट्यवधी वर्षांत साधली, त्यांपैकी जवळजवळ एकतृतीयांश जातींसमोर आज अस्तित्वाचा प्रश्न उभा आहे. त्याची प्रमुख कारणे शेती, पशुपालन, बांधकाम आणि शौकिनांसाठी होणारी रोपांची व बियांची तोड ही आहेत. दुष्काळाला तोंड देणारे झाड कुऱ्हाडीला आणि नांगराला तोंड देऊ शकत नाही.

शिल्लक आणि तिचा अर्थ

ग्वामाचोला बाजारात फारसे मोल नाही. त्याचे लाकूड मौल्यवान नाही, फळ निर्यात होत नाही आणि फूल गुच्छात बांधले जात नाही. तरीही एका संपूर्ण कुलाचा इतिहास वाचण्याची किल्ली त्याच्या सालीत, मुळांत आणि पानांत सापडली. २००५ आणि २००६ मधील अभ्यास होण्यापूर्वीच ही राने पूर्णपणे तोडली गेली असती, तर आपण काय गमावले याची नोंदही कोणाला ठेवता आली नसती. ताळेबंदात न दिसणारी मत्ताही मत्ताच असते, एवढे भान यावरून यावे.

आपल्याकडील कोरड्या माळांकडे आणि काटेरी रानांकडे पाहतानाही ही दृष्टी उपयोगी पडेल. उन्हाळ्यात वाळलेले दिसणारे रान मेलेले नसते. पाऊस येईपर्यंत ते खर्च थांबवून बसलेले असते. पहिल्या सरीनंतर महिन्याभराने तेथे पुन्हा गेल्यास त्याचा प्रत्यय कोणालाही घेता येईल.